बौद्ध संगीती, राजाश्रय आणि दक्षिणापथ

गौतम बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर त्याची वचने आणि भिक्षूंचे नियम निश्चित करण्यासाठी भिक्षुसंघाने वेळोवेळी ज्या सभा भरवल्या, त्यांना संगीती म्हणतात. पाली परंपरेनुसार पहिली संगीती राजगृहाला, दुसरी वैशालीला आणि तिसरी पाटलिपुत्राला झाली. प्रत्येकीशी एका राजाचे नाव जोडलेले आहे: अजातशत्रू, कालाशोक आणि अशोक. ही जोडणी मात्र सर्व ग्रंथांत सारखी नाही. विनयपिटकातील ‘चुल्लवग्ग’ हा जुना ग्रंथ पहिल्या दोन संगीतींचे सविस्तर वर्णन करतो, पण त्यात आश्रयदाता राजा कुठेच येत नाही. राजे ठळक होतात ते इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकांत सिंहलद्वीपात रचलेल्या ‘दीपवंस’, ‘महावंस’ आणि ‘समन्तपासादिका’ या ग्रंथांत. राजाश्रयाचा विचार करताना हा फरक नजरेआड करून चालत नाही. राजाने काय दिले आणि संघाने काय स्वतःकडे राखले, हे त्यातूनच कळते.

पहिल्या संगीतीचे निमित्त चुल्लवग्गात असे सांगितले आहे. पावा नगरीहून कुसिनाऱ्याकडे जाताना महाकाश्यपाला बुद्धाच्या निर्वाणाची वार्ता कळली. बरोबरचे भिक्षू शोक करत असताना म्हातारपणी प्रव्रज्या घेतलेला सुभद्र नावाचा भिक्षू म्हणाला की, आता बरे झाले, हे करा ते करू नका असे सांगणारा कोणी उरला नाही. हे ऐकून महाकाश्यपाने धम्म आणि विनय यांचे एकत्र पठण करून ते पक्के करण्याचा प्रस्ताव मांडला. पाचशे भिक्षू निवडले गेले. जागा ठरली राजगृह, आणि तिचे कारणही ग्रंथात दिले आहे: तिथे भिक्षा भरपूर मिळत होती आणि राहायला विहार पुष्कळ होते. त्या वर्षी राजगृहात दुसऱ्या भिक्षूंनी वर्षावास करू नये, असाही ठराव संघाने केला. पाचशे माणसे पावसाळाभर एका गावी बसवायची, तर अन्न आणि निवारा यांचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. राजाश्रयाची गरज नेमकी इथे निर्माण होते.

सभेचे काम साधे आणि शिस्तीचे होते. महाकाश्यप प्रश्न विचारी. विनयाविषयी उपाली उत्तर देई, धम्माविषयी आनंद, आणि मग सगळे ते एकमुखाने म्हणत. आनंदाने किरकोळ नियम कोणते हे बुद्धाला विचारून ठेवले नव्हते, म्हणून त्याच्यावर ठपकाही आला. काय किरकोळ यावर एकमत न झाल्याने एकही नियम न वगळण्याचे ठरले. संगीती संपल्यावर पुराण नावाचा स्थविर दक्षिणागिरीहून आला. आपण बुद्धाकडून जसे ऐकले तसेच धारण करू, असे त्याने नम्रपणे सांगितले. चुल्लवग्गाने हा प्रसंग गाळला नाही, ही त्या परंपरेच्या प्रामाणिकपणाची मोठी खूण आहे.

हीच हकीकत समन्तपासादिकेत राजासह येते. भिक्षू अजातशत्रूकडे जाऊन राजगृहाभोवतीच्या अठरा महाविहारांची डागडुजी करण्यासाठी माणसे मागतात. राजा ती देतो. मग तो आणखी काय हवे ते विचारतो, आणि भिक्षू बसायला जागा मागतात. वेभार टेकडीच्या उतारावर सप्तपर्णी गुहेच्या दाराशी राजा मंडप उभारून देतो. त्या वेळी तो आपली आणि संघाची हद्द सांगतो: हुकमाची सत्ता आपली, धर्माची सत्ता संघाची. पाचव्या शतकातील टीकाकाराने हे वाक्य अजातशत्रूच्या तोंडी घातले असेल. तरी राजा आणि संघ यांचे नाते कसे असावे, याबद्दल संघाची स्वतःची अपेक्षा त्यात स्वच्छ उतरली आहे. राजाने छप्पर, आसन, अन्न आणि संरक्षण द्यावे. पाठ कोणता खरा, हे त्याने ठरवू नये.

परंपरेप्रमाणे यानंतर शंभर वर्षांनी वैशालीत दुसरी संगीती झाली. वज्जिपुत्तक भिक्षूंच्या दहा आचारांवरून तंटा उठला होता. शिंगात मीठ साठवून ठेवणे, माध्यान्ह उलटून सावली दोन बोटे सरकेपर्यंत जेवणे, अशा बाबी त्यांत होत्या. पण सगळ्यांत झोंबणारी बाब शेवटची होती: सोने-चांदी स्वीकारणे. काकंडकपुत्र यश नावाच्या स्थविराने वैशालीत पाहिले की उपोसथाच्या, म्हणजे पंधरवड्याच्या व्रताच्या, दिवशी भिक्षू काशाच्या भांड्यात पाणी भरून बसतात आणि उपासकांना त्यात नाणी टाकायला सांगतात. त्याने विरोध केला आणि त्याच्या नावे काढलेला वाटाही नाकारला. उलट त्यालाच संघातून दूर करण्याचा प्रयत्न झाला. तेव्हा त्याने पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या भिक्षूंना बोलावणी पाठवली.

इथे दक्षिणापथ, म्हणजे दख्खनचा प्रदेश, संगीतींच्या इतिहासात येतो. अहोगंग पर्वतावर यशाच्या बाजूने जे भिक्षू जमले, त्यांत अवंती-दक्षिणापथातले अठ्ठ्याऐंशी होते, असे चुल्लवग्ग सांगतो. या प्रदेशात संघ विरळ होता. अवंतीच्या सोण कुटिकण्णाला उपसंपदेसाठी, म्हणजे पूर्ण भिक्षुदीक्षेसाठी, दहा भिक्षू जमवायला तीन वर्षे लागली, आणि म्हणूनच सीमेवरच्या जनपदांत पाच भिक्षूंची उपसंपदा चालेल अशी मुभा बुद्धाने दिली, अशी कथा विनयात आहे. अशा दूरच्या प्रदेशातले भिक्षू कडक नियमांच्या बाजूने उभे राहिले. वैशालीत सातशे भिक्षू जमले, पण गोंगाटात निर्णय होईना. मग पूर्वेचे चार आणि पश्चिमेचे चार अशी आठ जणांची समिती नेमली गेली. रेवताने प्रश्न विचारले, अतिवृद्ध सब्बकामीने उत्तरे दिली आणि दहाही आचार अमान्य ठरले. महावंसात याला राजाची बाजू जोडलेली आहे: शिशुनाग वंशातला कालाशोक आधी वज्जिपुत्तकांकडे झुकला होता, पण नंदा नावाच्या भिक्षुणी बहिणीने समजावल्यावर त्याने बाजू बदलली. निवाडा मात्र महावंसातही भिक्षूच करतात. दीपवंसाच्या मते हरलेल्या पक्षाने आपली वेगळी महासंगीती भरवली आणि तिथून महासांघिक संप्रदाय निघाला. या संप्रदायाचे नाव पुढे महाराष्ट्राच्या लेण्यांत दिसते.

तेलंगण-महाराष्ट्राच्या सीमेवरचा गोदावरीचा पट्टा बौद्ध वाङ्मयात याहूनही आधी येतो. ‘सुत्तनिपात’ या ग्रंथाच्या पारायणवग्गाच्या प्रास्ताविकात बावरी नावाचा कोसलचा ब्राह्मण अस्सक जनपदाच्या परिसरात गोदावरीकाठी आश्रम करून राहतो. त्याचे सोळा शिष्य प्रतिष्ठान म्हणजे पैठण, माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कोशांबी, साकेत, श्रावस्ती, कपिलवस्तू, वैशाली अशी वाट चालून मगधात बुद्धाला भेटतात आणि प्रश्न विचारतात. अस्सकची राजधानी पोतन म्हणजे निजामाबाद जिल्ह्यातले बोधन, असे बरेच अभ्यासक मानतात. बावरीचा आश्रम जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या गोदावरीच्या बेटावर, बादनकुर्तीला होता, असे तेलंगणातील काही अभ्यासकांचे मत आहे. आश्रमाची जागा नेमकी कुठलीही असो, पैठण ते बोधन हा गोदेचा काठ आणि मगध यांना जोडणारी वाट ग्रंथकारांना गावानिशी ठाऊक होती. धर्म याच वाटेने आला.

तिसऱ्या संगीतीत राजा पहिल्यांदा आतल्या कामात उतरतो. अशोकाच्या दानांमुळे संघाकडे सुबत्ता आली, आणि पाली परंपरेच्या म्हणण्याप्रमाणे भिक्षेच्या लोभाने इतर पंथांचे लोकही काषाय वस्त्रे घालून विहारांत शिरले. त्यांच्याबरोबर उपोसथ करायला खरे भिक्षू तयार होईनात. पाटलिपुत्राच्या अशोकारामात सात वर्षे उपोसथ बंद राहिला. अशोकाने एका अमात्याला हा वाद मिटवायला पाठवले. राजाज्ञेचा अर्थ त्याने आपल्या परीने लावला आणि उपोसथाला नकार देणाऱ्या भिक्षूंची डोकी उडवायला सुरुवात केली. राजाचा भाऊ तिस्स स्वतः भिक्षू होता. तो आसनावर येऊन बसला तेव्हाच हे थांबले. हादरलेल्या अशोकाने या हत्येचे पाप कोणाचे, हे विचारण्यासाठी मोग्गलिपुत्त तिस्स या स्थविराला बोलावून घेतले. आश्रय देणाऱ्या सत्तेचा हात संघाच्या आत पोचला की काय होते, हे बौद्ध परंपरेने स्वतःच्या सर्वांत लाडक्या राजाच्या चरित्रात लिहून ठेवले आहे.

पुढे अशोक मोग्गलिपुत्त तिस्साकडून धर्म शिकला आणि मग त्याने एकेका भिक्षूला बुद्धाचे मत काय असे विचारले. चुकीचे उत्तर देणाऱ्यांना पांढरी वस्त्रे देऊन बाहेर काढले. ही संख्या साठ हजार दिलेली आहे; ती अर्थातच पुराणकारांची संख्या आहे. त्यानंतर एक हजार भिक्षूंनी नऊ महिने बसून संगीती केली. मोग्गलिपुत्त तिस्साने परमतांचे खंडन करणारा ‘कथावत्थु’ हा ग्रंथ रचला. महावंस हे काम अशोकाच्या सतराव्या राज्यवर्षात, म्हणजे साधारण इ.स.पू. 250 च्या सुमारास, संपल्याचे सांगतो.

अशोकाच्या स्वतःच्या लेखांत संगीतीचा उल्लेख नाही. पण सांची, सारनाथ आणि कोशांबी इथल्या स्तंभांवर एक आज्ञा आहे: जो भिक्षू किंवा भिक्षुणी संघात फूट पाडेल, त्याला पांढरी वस्त्रे नेसवून विहाराबाहेर ठेवावे. कथेतली पांढरी वस्त्रे आणि शिळेवरची पांढरी वस्त्रे जुळतात. संघाच्या एकीसाठी अशोकाने महामात्रांना कामाला लावले होते, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. राजस्थानातल्या बैराटजवळ सापडलेल्या दुसऱ्या लेखात तो संघाला अभिवादन करून सात धर्मग्रंथांची नावे देतो आणि ते भिक्षूंनी व उपासकांनी वारंवार ऐकावेत अशी इच्छा व्यक्त करतो. या नावांचा पाली ग्रंथांतला ठिकाणा शोधण्याचे काम मराठीत धर्मानंद कोसंबींनी केले. गोव्यातल्या साखवाळला 1876 साली जन्मलेले कोसंबी पाली शिकण्यासाठी सिंहलद्वीपापर्यंत गेले आणि ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी या लेखाच्या आधारे त्रिपिटकातले जुने भाग कोणते याची चर्चा केली. राजाने दिलेली ही यादी आज्ञेच्या सुरात नाही, तर श्रद्धावान वाचकाच्या सुरात आहे. म्हणूनच ती फुटीविरुद्धच्या आज्ञेपेक्षा कितीतरी अधिक जिव्हाळ्याची वाटते.

तिसऱ्या संगीतीचा महाराष्ट्राशी थेट संबंध तिच्या शेवटाने जोडला. महावंसाप्रमाणे मोग्गलिपुत्त तिस्साने नऊ प्रदेशांत थेर पाठवले. महाधम्मरक्खित महारट्ठात गेला, योनक धम्मरक्खित अपरांतात म्हणजे कोकणपट्टीत, रक्खित वनवासीला आणि राजपुत्र महिंद सिंहलद्वीपाला. सांचीच्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्तूपात 1851 मध्ये सापडलेल्या अस्थिपात्रांवर हिमालयाकडे गेलेल्या थेरांची आणि मोग्गलिपुत्ताची नावे निघाली, तेव्हापासून ही यादी निव्वळ कल्पित मानता येत नाही. अपरांतातल्या सोपाऱ्याला पंडित भगवानलाल इंद्रजींना 1882 मध्ये अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा तिथून जवळच भुईगावला 1956 मध्ये सापडला. आतल्या बाजूला, आदिलाबादपासून उत्तरेकडे, भंडारा जिल्ह्यात पवनीला 1969-70 च्या उत्खननात मोठे स्तूप उघडकीस आले. तिथे मुचलिंद नागाचे शिल्प मिळाले. गोदावरीच्या दक्षिणेला धूळिकट्टाच्या स्तूपावरही हाच नाग कोरलेला आहे. विदर्भ आणि तेलंगण यांच्यामधला आदिलाबादचा डोंगराळ प्रदेश या दोन ठिकाणांच्या मधोमध येतो.

राजाश्रय प्रत्यक्षात कसा चालत होता, हे संगीतींच्या कथांपेक्षा नाशिकच्या पांडवलेण्यांत अधिक स्पष्ट दिसते. कथा शेकडो वर्षांनी लिहिल्या गेल्या. लेणी मात्र दान देणाऱ्यांच्या हयातीत कोरली गेली. तिथले सर्वांत जुने राजनाव कृष्ण सातवाहनाचे आहे. त्याच्या काळात नाशिकच्या श्रमणांची व्यवस्था पाहणाऱ्या महामात्राने हे लेणे करवले, असा तो लेख आहे. अशोकाने सुरू केलेली ही अधिकाराची जागा सातवाहनांनी चालू ठेवलेली दिसते.

त्यानंतरचा उषवदाताचा लेख हिशेबाच्या दृष्टीने अपूर्व आहे. उषवदात हा क्षहरात राजा नहपानाचा जावई. त्याने लेणे दिले आणि चारही दिशांच्या संघासाठी 3000 कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ही रक्कम त्याने भिक्षूंच्या हाती दिली नाही. गोवर्धन इथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे 2000 कार्षापण दरमहा शेकडा 1 व्याजाने, आणि दुसऱ्या श्रेणीकडे 1000 कार्षापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने ठेवले. मूळ रक्कम परत द्यायची नव्हती, फक्त व्याज घ्यायचे होते. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज 240 कार्षापण होते, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण मिळायचे होते. वीस गुणिले बारा म्हणजे बरोबर 240. हे सगळे निगमसभेत ऐकवून फलकावर नोंदवले, असेही लेख सांगतो. वैशालीत ज्या पैशावरून संघात तट पडले, तोच पैसा इथे विणकरांच्या श्रेणीमार्फत, ठरलेल्या कामासाठी, सर्वांसमक्ष नोंदवून संघापर्यंत पोचतो. नियमाचा कस आणि पोटाची गरज यांच्यात संघाने आणि दात्यांनी मिळून काढलेली ही वाट होती.

गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केल्यावरही हा आश्रय तुटला नाही. अठराव्या राज्यवर्षी त्याने गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालिताला आज्ञा पाठवून उषवदाताच्या ताब्यातले 200 निवर्तने शेत त्रिरश्मी डोंगरावरच्या, म्हणजे पांडवलेण्यांतल्या, भिक्षूंना दिले. या शेतात राजाच्या शिपायांनी शिरायचे नाही, मिठासाठी खणायचे नाही, अशा सवलती सोबत होत्या. चोविसाव्या वर्षी त्याच्या आणि त्याच्या आईच्या नावाने दुसरी आज्ञा निघाली: त्या शेताचे गाव ओसाड पडले आहे, शेत कसले जात नाही, म्हणून नगराच्या हद्दीवरच्या राजकीय जमिनीतली 100 निवर्तने भिक्षूंना द्यावीत. दान दिल्याने काम संपत नाही. जमीन पिकली नाही तर भिक्षू उपाशी राहतो. सहा वर्षांत आपले दान निष्फळ ठरल्याची दखल राजसत्तेने घेतली आणि ती चूक दगडावर कोरून दुरुस्त केली. प्राचीन भारतातल्या राज्यकारभाराचा इतका जिवंत पुरावा क्वचितच मिळतो.

हे दाते केवळ बौद्ध उपासक नव्हते, हेही ध्यानात घ्यावे लागते. गौतमीपुत्राच्या आईच्या, गौतमी बलश्रीच्या, लेखात त्याला अद्वितीय ब्राह्मण म्हटले आहे. नाणेघाटातल्या लेखात त्याच घराण्यातल्या वैदिक यज्ञांची लांबलचक यादी आहे. उषवदाताने ब्राह्मणांनाही गावे आणि गाई दिल्या. तरीही बलश्रीने नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी आपले भव्य लेणे भद्रायणीय संप्रदायाच्या भिक्षूंना दिले. कार्ल्याला महासांघिकांना दान मिळाले, म्हणजे वैशालीच्या वादातून वेगळ्या झालेल्या पक्षाला. संघातल्या मतभेदांत सातवाहनांनी अशोकासारखा हात घातला नाही. ज्या डोंगरावर जो संप्रदाय होता, त्याला त्यांनी जमीन दिली. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे मोठेपण तर राजांचेही नाही. ते वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे आहे, आणि तिथले खांब धेनुकाकटच्या यवनांपासून सामान्य गृहस्थांपर्यंत अनेकांनी दिले. राजाश्रय हा या मोठ्या लोकाश्रयाचा एक भाग होता.

पाठ लिहून ठेवण्याचे काम याच सुमारास इतरत्र झाले. सिंहलद्वीपात वट्टगामणी अभयाच्या काळी, इ.स.पू. पहिल्या शतकात, आतापर्यंत मुखोद्गत असलेले त्रिपिटक लिहिले गेले. परंपरा त्याची जागा आलुविहार सांगते. काश्मीरमध्ये कनिष्काच्या आश्रयाखाली वसुमित्राच्या अध्यक्षतेत संगीती भरली आणि तिच्यातली भाष्ये ताम्रपटांवर कोरून स्तूपात ठेवली, असे चिनी यात्रेकरू युआन च्वांग लिहितो. याच यात्रेकरूने सातव्या शतकात पुलकेशीच्या महाराष्ट्रात शंभराहून अधिक विहार आणि सुमारे पाच हजार भिक्षू पाहिले.

राजांची जागा पुढे सरकारांनी घेतली. ब्रह्मदेशात मंडालेला 1871 मध्ये अजून मिंडोन राजानेच पाचवी संगीती भरवली. सहावी मात्र ब्रह्मदेशाच्या सरकारने, ऊ नू पंतप्रधान असताना, रंगूनला 1954 ते 1956 या काळात घेतली. तिच्यासाठी महापाषाण नावाची कृत्रिम गुहा बांधण्यात आली आणि सप्तपर्णीच्या मंडपाची आठवण त्यात मुद्दाम जपली गेली. डिसेंबर 1954 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेसाठी गेले, तेव्हा ही संगीती चालू होती. दोन वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्याच वर्षापासून भिक्षू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंदाहून सरकारी खर्चाने पाली त्रिपिटकाचे देवनागरी खंड निघू लागले. 1961 पर्यंत ते 41 झाले, आणि त्यांच्या पाठासाठी रंगूनच्या संगीतीची आवृत्ती आधाराला घेतली होती. राजगृहात आनंद आणि उपालीने म्हटलेला धम्म आणि विनय मराठी वाचकाला या खंडांमुळे पहिल्यांदाच आपल्या लिपीत सलग वाचता आला.